भिंतीपलीकडचे मैदान : 'झुंड' चित्रपटातील फुटबॉलच्या जागांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) या दोन मराठी चित्रपटांनंतर मंजुळे यांनी हिंदीत केलेले हे पहिलेच दिग्दर्शन होय. नागपूर येथील हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांना घेऊन सुरू केलेल्या फुटबॉल-चळवळीवर या चित्रपटाचे कथानक बेतलेले आहे. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर त्याची चर्चा प्रामुख्याने तीन अंगांनी झाली. अमिताभ बच्चन यांचा अभिनय, आंबेडकर जयंतीचे पडद्यावरील चित्रण आणि नागपूरच्या वस्तीतून निवडलेल्या नवोदित मुलांचा सहजाभिनय हे ते तीन विषय होत. या तिन्ही विषयांवर पुरेसे लेखन झालेले आहे. मात्र चित्रपटातील खेळ ज्या जागांवर खेळला जातो, त्या जागांची रचना, त्यांच्या सीमा आणि त्यांचे परस्परसंबंध यांकडे समीक्षेचे लक्ष तुलनेने कमी गेले.

प्रस्तुत निबंधात 'झुंड'चा विचार मैदानाच्या अंगाने केला आहे. फुटबॉलचे स्टेडियम ही केवळ वास्तुशास्त्राची बाब नसून आत कोण आणि बाहेर कोण याचा निर्णय करणारी ती एक सामाजिक रचना आहे, हे येथे गृहीत धरले आहे. जगातील काही प्रत्यक्ष स्टेडियमे व काही चित्रपटांतील काल्पनिक स्टेडियमे यांच्या संदर्भात 'झुंड'मधील जागा तपासल्यास या चित्रपटाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा अधिक स्पष्ट होतात, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

मैदान आणि स्टेडियम : दोन संकल्पना

मराठीत खेळाच्या जागेसाठी अनेक शब्द आहेत. पटांगण, मैदान, क्रीडांगण, आखाडा, तालीम, क्रीडासंकुल हे शब्द समानार्थी भासले तरी त्यांच्या छटा भिन्न आहेत. पटांगण हे शाळेचे वा देवळाचे असते, म्हणजे ते दुसऱ्या एखाद्या वास्तूला जोडून येते. मैदान हा शब्द फारसीतून आला आणि त्याच्या अर्थात मोकळेपणा अनुस्यूत आहे. मैदानाला हद्द असली तरी दार असलेच पाहिजे असे नाही. स्टेडियम हा शब्द मूळ ग्रीक असून प्राचीन ग्रीसमध्ये तो आरंभी धावण्याच्या अंतराचे, सुमारे सहाशे ग्रीक फुटांचे, माप होता. पुढे ते अंतर जिथे धावले जाई ती जागा, आणि कालांतराने ती जागा वेढणारी प्रेक्षकांची आसने असा त्याचा अर्थ विस्तारत गेला. मापाचा शब्द वास्तूचा झाला. या अर्थविस्तारातच एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. मैदान खेळाडूंमुळे होते, तर स्टेडियम होण्यासाठी प्रेक्षक लागतात, प्रेक्षकांसाठी प्रवेशद्वारे लागतात आणि प्रवेशद्वारांना अर्थ यावा म्हणून भिंत लागते.

महाराष्ट्रात या संक्रमणाची वेगवेगळी उदाहरणे दिसतात. कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींच्या नावांनी तेथील संघ आजही ओळखले जातात आणि राजर्षी शाहू स्टेडियममध्ये होणारे सामने हा पेठापेठांचा प्रतिष्ठेचा विषय असतो. कुस्तीचा आखाडा आणि फुटबॉलचे स्टेडियम यांच्यातील दुवा तेथे तुटलेला नाही. मुंबईत कूपरेजचे मैदान आणि १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स करंडक स्पर्धा यांनी लष्करी तुकड्यांचा खेळ शहराच्या हवाली केला. नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील महिलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला व स्पेनने कोलंबियाचा १-० असा पराभव केला. ज्या वर्षी महाराष्ट्रातील एका भव्य स्टेडियमने जागतिक अंतिम सामना पाहिला, त्याच वर्षी 'झुंड'ने महाराष्ट्रातील एका मैदानाच्या भिंतीकडे प्रेक्षकांचे लक्ष वेधले. या योगायोगाकडे सांस्कृतिक अभ्यासकाला दुर्लक्ष करता येणार नाही.

भिंत : कथनाचे केंद्र

'झुंड'च्या कथानकाची भूमी एका भिंतीने दुभंगलेली आहे. भिंतीच्या एका बाजूला महाविद्यालय आणि त्याचे राखलेले मैदान आहे, तर दुसऱ्या बाजूला वस्ती, कचरा आणि रिकामी पडलेली जागा आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील क्रीडाशिक्षक विजय बोराडे दररोज या दोन जगांमधून ये-जा करतात. पावसात चेंडूऐवजी प्लास्टिकचा डबा लाथाडत खेळणारी मुले त्यांना दिसतात आणि कथेला गती मिळते. प्रत्यक्षातही बारसे यांनी चेंडूच्या जागी मोडकी बादली वापरून खेळणारी मुले पाहिली होती, असे सांगितले जाते. मैदान नसताना खेळ अस्तित्वात असतो, हे या प्रसंगाचे पहिले सूचन होय. खेळाला आधी जागा हवी आणि मग माणसे, असा जो शासकीय व संस्थात्मक समज असतो, त्याला हा प्रसंग छेद देतो.

यानंतर बोराडे मुलांच्या हाती खराखुरा चेंडू देतात आणि सुरुवातीला तर खेळण्यासाठी त्यांना पैसेही देतात. पैसे थांबल्यावरही मुले खेळत राहतात. पुढे महाविद्यालयाचा संघ व वस्तीचा संघ यांच्यात सामना ठरतो आणि तो महाविद्यालयाच्या मैदानावर होतो. मध्यंतरापूर्वीचा हा दीर्घ सामना चित्रपटाचा प्राण आहे. त्याचा निकाल काय लागतो याहून वस्तीची मुले त्या हिरवळीवर पाय कसा ठेवतात, हे दिग्दर्शकाला अधिक महत्त्वाचे वाटते. गणवेश नसलेली, वेगवेगळ्या मापांचे कपडे घातलेली, एकमेकांना शिव्या घालणारी ही मुले मैदानावर येतात तेव्हा त्यांच्या देहबोलीत उद्धटपणा व संकोच एकाच वेळी दिसतो. ज्या जागेत येण्यास मनाई होती, त्या जागेत पाहुणे म्हणून येण्याचा हा अनुभव आहे. पाहुण्याला जागेवर हक्क नसतो आणि सामना संपताच त्याला परत जावे लागते, ही जाणीव सामन्याच्या जल्लोषातही मागे रेंगाळत राहते.

मंजुळे यांच्या एकूण चित्रपटांत भिंत वारंवार येते. 'फँड्री'मध्ये डुक्कर वाहून नेणारे कुटुंब शाळेच्या ज्या भिंतीसमोरून जाते, तिच्यावर समाजसुधारकांची चित्रे रंगवलेली आहेत. भिंत तेथे आदर्शांची वाहक आहे आणि तिच्यासमोरून जाणारे वास्तव त्या आदर्शांचा उपहास करते. 'सैराट'चा आरंभ गावातील क्रिकेटच्या सामन्याने आणि त्याच्या रंगतदार समालोचनाने होतो. तेथील मैदानाला भिंत नाही, म्हणूनच काही काळ परशा हा गावाचा नायक असू शकतो. खेळाच्या मोकळ्या जागेत जात विसरल्यासारखी होते, मात्र मैदान सोडताच ती आपले अस्तित्व दाखवते. 'झुंड'मध्ये या दोन्ही प्रतिमांचा संयोग झालेला आहे. मैदान आहे आणि त्याला भिंतही आहे. त्यामुळे भेद विसरण्याची सोय येथे आरंभापासूनच नाही.

न दाखवलेले स्टेडियम

चित्रपटाच्या उत्तरार्धात वस्तीच्या संघाला परदेशातील जागतिक स्पर्धेचे निमंत्रण मिळते. क्रीडाचित्रपटांच्या रूढ संकेतानुसार येथून पुढे कथानक त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याकडे धावावयास हवे. 'झुंड' मात्र तसे करत नाही. उत्तरार्धाचा मोठा भाग पारपत्र, ओळखीचे पुरावे, पोलिस-पडताळणी, न्यायालय आणि विमानतळावरील तपासणी यांनी व्यापलेला आहे. अंकुश ऊर्फ डॉन याच्यावरील पोलिस-प्रकरण त्याच्या प्रवासाच्या आड येते. मोनिका या आदिवासी मुलीची (रिंकू राजगुरू) गोष्ट तर अधिक मूलभूत आहे. तिला आपण आहोत हेच कागदावर सिद्ध करता येत नाही आणि त्यासाठी तिला व तिच्या वडिलांना दारोदार हिंडावे लागते. शेवटी विमान आकाशात झेपावते, भिंतीलगतच्या वस्तीवरून जाते आणि भिंत ओलांडण्यास मनाई करणारी सूचना प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर राहते. ज्या स्टेडियमसाठी हा सारा खटाटोप झाला, ते पडद्यावर दिसत नाही.

काही समीक्षकांनी उत्तरार्ध रेंगाळल्याची तक्रार केली. तीन तासांच्या जवळपास जाणारी चित्रपटाची लांबी लक्षात घेता ती तक्रार निराधार नाही. तथापि स्टेडियम न दाखवण्याचा निर्णय हा कथनातील दोष नसून त्याच्या आशयाचा गाभा आहे, असे म्हणावे लागते. सामना दाखवला असता तर प्रेक्षकाचे समाधान विजय वा पराजय या प्रश्नाशी बांधले गेले असते. सामना वगळल्यामुळे विमानात बसणे हाच विजय ठरतो आणि तो विजय इतका अवघड का असावा, हा प्रश्न प्रेक्षकाकडे उरतो. मैदानावरील नव्वद मिनिटांपेक्षा मैदानापर्यंतचा प्रवास मोठा असतो, हे सत्य चित्रपटाच्या रचनेतूनच व्यक्त होते.

ज्या स्पर्धेचा येथे संदर्भ आहे, तिचे स्वरूप पाहिल्यास या अनुपस्थितीला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. बेघरांची जागतिक फुटबॉल स्पर्धा प्रथम २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे झाली. तिला कायमचे स्टेडियम नाही. शहराच्या मध्यवर्ती चौकात वा मोकळ्या जागेत सुमारे २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद असे कडेला फळ्या लावलेले मैदान उभारले जाते. प्रत्येक संघाचे चार खेळाडू खेळतात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठीचे १०५ बाय ६८ मीटरचे प्रमाण मैदान ७१४० चौरस मीटरचे असते, तर हे मैदान ३५२ चौरस मीटरचे, म्हणजे जवळपास विसाव्या हिश्श्याचे. २००८ मध्ये मेलबर्नचा फेडरेशन चौक, २०१० मध्ये रिओचा कोपाकबाना किनारा, २०११ मध्ये पॅरिसचे शाँ द मार्स, २०१६ मध्ये ग्लासगोचा जॉर्ज चौक अशा ठिकाणी ही मैदाने उभी राहिली आणि स्पर्धा संपताच उचलली गेली. ज्या चौकांतून बेघर माणसाला एरवी हुसकावले जाते, त्याच चौकात तो काही दिवस प्रेक्षकांच्या मध्यभागी उभा राहतो. एका अर्थी या स्पर्धेने स्टेडियमची कल्पनाच उलटी केली. येथे शहर स्टेडियमपर्यंत जात नाही, स्टेडियमच शहराच्या चौकात येऊन बसते.

काल्पनिक स्टेडियमे : तीन तुलना

'झुंड'मधील अनुपस्थित स्टेडियमची सर्वांत जवळची तुलना इराणी दिग्दर्शक जाफर पनाही यांच्या 'ऑफसाइड' (२००६) या चित्रपटाशी होऊ शकते. इराणमध्ये स्त्रियांना पुरुषांचे फुटबॉल सामने पाहण्यासाठी स्टेडियममध्ये जाण्यास बंदी होती. मुलांचा वेश करून तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये शिरू पाहणाऱ्या काही मुली पकडल्या जातात आणि त्यांना स्टेडियमच्याच मागील बाजूस एका कठड्यात डांबून ठेवले जाते. ८ जून २००५ रोजी झालेल्या इराण-बहारीन या प्रत्यक्ष पात्रता सामन्याच्या वेळी या चित्रपटाचे चित्रीकरण करण्यात आले. प्रेक्षकांचा गजर ऐकू येतो, एक शिपाई फटीतून पाहून मुलींना खेळाचे वर्णन सांगतो, पण सामना मुलींना दिसत नाही आणि म्हणून चित्रपटाच्या प्रेक्षकालाही जवळजवळ दिसत नाही. पनाही यांनी प्रेक्षकाला मुलींच्या बाजूला, भिंतीच्या बाहेर उभे केले आहे. १० ऑक्टोबर २०१९ रोजी कंबोडियाविरुद्धच्या सामन्याला इराणी स्त्रियांना मर्यादित संख्येने आझादी स्टेडियममध्ये प्रवेश मिळाला. तोवर चित्रपट येऊन तेरा वर्षे लोटली होती. 'ऑफसाइड'मधील मुली स्टेडियमच्या भिंतीला टेकून उभ्या आहेत, तर 'झुंड'मधील मुलांचे स्टेडियम सात समुद्रांपलीकडे आहे. दोन्ही ठिकाणी न दिसणे हाच आशय आहे.

दुसरी तुलना जॉन ह्यूस्टन दिग्दर्शित 'एस्केप टू व्हिक्टरी' (१९८१) या चित्रपटाशी करता येईल. दुसऱ्या महायुद्धातील युद्धकैद्यांचा संघ व जर्मन संघ यांच्यातील सामना या चित्रपटात पॅरिसच्या कोलोम्ब स्टेडियममध्ये घडतो. चित्रीकरण मात्र बुडापेस्ट येथील एमटीके क्लबच्या स्टेडियममध्ये झाले. म्हणजे पडद्यावरील स्टेडियम एका शहराचे आणि प्रत्यक्षातील दुसऱ्या शहराचे. अखेरीस प्रेक्षक मैदानात घुसतात, कैद्यांना आपल्यात सामावून घेतात आणि दारे फोडून बाहेर पडतात. येथे जमाव हा मुक्तिदाता आहे. 'झुंड' हे शीर्षक या संदर्भात पाहिले की त्यातील वक्रोक्ती ध्यानी येते. वस्तीच्या मुलांना झुंड म्हणून हिणवले जाते आणि बोराडे त्यांना संघ म्हणण्याचा आग्रह धरतात. संघ व झुंड यांतील फरक माणसांच्या संख्येत वा वर्तनात नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे, हे मंजुळे दाखवतात. ह्यूस्टन यांच्या चित्रपटात मात्र संघाला वाचवण्यासाठी झुंडच धावून येते.

तिसरी तुलना भारतीय आहे. अमित शर्मा दिग्दर्शित 'मैदान' (२०२४) हा चित्रपट प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या जीवनावर आधारित असून १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतील अंतिम सामना हा त्याचा उत्कर्षबिंदू आहे. ४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायन स्टेडियममध्ये भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. इस्रायल व तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी निषेध नोंदवल्यामुळे यजमान प्रेक्षक भारताविरुद्ध भडकले होते. चित्रपटासाठी मुंबईनजीक मढ येथे मैदानाचा भव्य देखावा उभारण्यात आला. करोना साथीमुळे काम रखडले आणि मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात देखाव्याची हानी झाली. या सर्व खटाटोपामागे एक धारणा आहे : स्टेडियम खचाखच भरलेले दिसल्याशिवाय राष्ट्राचा विजय पुरा होत नाही. 'मैदान'चे शीर्षक मैदानाचे असले तरी त्याचा ध्यास स्टेडियमचा आहे. उलट 'झुंड'च्या शीर्षकात माणसे आहेत आणि स्टेडियम त्याच्या चौकटीबाहेर आहे. एकाच खेळावरील दोन हिंदी चित्रपटांतील हा फरक केवळ शैलीचा मानता येत नाही. राष्ट्र कोठून पाहावयाचे, गॅलरीतून की भिंतीबाहेरून, हा तो फरक आहे.

प्रत्यक्षातील भिंती

चित्रपटांतील भिंत ही कविकल्पना नाही, याची साक्ष फुटबॉलचा इतिहास देतो. रिओ येथील माराकाना स्टेडियम १९५० च्या विश्वचषकासाठी बांधण्यात आले. १६ जुलै १९५० रोजी उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले तो सामना तिकीट काढून पाहणाऱ्यांची अधिकृत संख्या १,७३,८५० इतकी होती. या स्टेडियममध्ये मैदानालगत उभ्याने सामना पाहण्याची 'जेराल' नावाची स्वस्त जागा होती आणि ती गरिबांची हक्काची जागा मानली जाई. २००५ मध्ये ती जागा कायमची बंद करण्यात आली. स्टेडियम अधिक सुरक्षित व सुखकर झाले, परंतु ज्यांच्या आवाजाने ते ओळखले जाई त्यांतील अनेकांना ते परवडेनासे झाले.

इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये १५ एप्रिल १९८९ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत पुढे एकूण ९७ जणांना प्राण गमवावे लागले. प्रेक्षकांना झुंड समजून त्यांना मैदानापासून रोखण्यासाठी उभारलेली कुंपणेच त्यांच्या मृत्यूला कारणीभूत ठरली. त्यानंतरच्या टेलर अहवालाने १९९० मध्ये कुंपणे हटवण्याची व सर्वांसाठी आसने ठेवण्याची शिफारस केली. भारतातही १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्यातील सामन्यात उसळलेल्या दंगलीत १६ प्रेक्षक दगावले. समूहाकडे झुंड म्हणून पाहणारी व्यवस्था समूहाच्या जिवाशी कशी खेळते, हे हिल्सबरोच्या उदाहरणातून दिसते. 'झुंड'मधील शब्दावरून होणारा वाद या पार्श्वभूमीवर शाब्दिक राहत नाही.

चित्रपटाच्या मर्यादा

'झुंड'चे हे सामर्थ्य मान्य करूनही त्याच्या काही मर्यादांची नोंद करणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा नायकाच्या स्थानाची आहे. भिंतीपलीकडे पाहण्याची दृष्टी बोराडे यांच्याकडे आहे आणि मैदानाचे दार त्यांच्याच शब्दाने उघडते. वस्तीची मुले स्वतः भिंत ओलांडतात असे क्षण चित्रपटात आहेत, पण निर्णायक प्रसंगी न्यायालयात बोलण्याचे काम बोराडे यांना करावे लागते. दीर्घ भाषणाच्या रूपाने येणारा हा प्रसंग आधी दृश्यांतून सांगितलेले पुन्हा शब्दांत सांगतो. बच्चन यांच्यासारखा महानायक या भूमिकेत असल्यामुळे प्रेक्षकाची सहानुभूती मुलांकडून शिक्षकाकडे सरकण्याचा धोका वाढतो. आंबेडकर जयंतीच्या दृश्यात मंजुळे यांनी हा तोल काही प्रमाणात सावरला आहे. तेथे वस्ती स्वतःच्या उत्सवाची यजमान आहे आणि बोराडे प्रतिमेसमोर हात जोडणारे एक अभ्यागत आहेत.

दुसरी मर्यादा स्त्री-पात्रांच्या संदर्भातील आहे. नवऱ्याचे घर सोडून खेळाकडे वळणारी रझिया आणि कागदांसाठी वणवण करणारी मोनिका या दोघींच्या कथा स्वतंत्र चित्रपटाच्या तोलाच्या आहेत, मात्र मैदानावरील त्यांचे कौशल्य फारसे दिसत नाही. त्यांच्या अडचणी आपल्याला कळतात, त्यांचा खेळ कळत नाही. सामना न दाखवण्याचा जो निर्णय डॉनच्या संदर्भात अर्थगर्भ ठरतो, तोच मोनिकाच्या संदर्भात अन्यायकारक ठरतो, कारण मुलांना निदान महाविद्यालयाच्या मैदानावरचा सामना तरी मिळालेला असतो.

तिसरी मर्यादा अशी की, चित्रपट विमानाच्या उड्डाणाशी थांबतो. मैदानाचा प्रश्न मात्र परदेशवारीने सुटत नाही. बारसे यांचे कार्य स्पर्धांपुरते सीमित राहिले नाही. नागपूरजवळच्या बोखारा येथे या चळवळीचे केंद्र उभे राहिले आणि तिच्या 'स्लम सॉकर' या संस्थेला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. रोजच्या सरावाची, हक्काच्या जागेची ही कमाई नाट्यमय नसल्यामुळे पडद्यावर आली नसावी. परंतु मैदानाच्या दृष्टीने विचार करता विमानापेक्षा ती अधिक टिकाऊ आहे.

तालुक्याच्या गावातील मैदान

'झुंड'चे कथानक नागपूरचे असले तरी त्यातील भिंत नागपूरपुरती नाही. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वरील पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्यालय आहे. भोवताली कापसाचे शिवार, टिपेश्वर अभयारण्याचे जंगल आणि गोंड-कोलामांचे पोड असलेल्या या परिसरात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. मोनिकाच्या कथेतील कागदांची वणवण येथील वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, जन्माची नोंद यांसाठी पोडावरून तालुक्याला घालाव्या लागणाऱ्या खेपा हा प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयांच्या कार्यालयातही दिसणारा अनुभव आहे. आश्रमशाळेतून आलेली, धावण्यात व खेळात तरबेज असलेली मुलगी एका दाखल्याअभावी निवड-चाचणीला मुकते, तेव्हा 'झुंड'चा उत्तरार्ध रेंगाळलेला वाटत नाही.

राज्याच्या क्रीडाधोरणात विभाग, जिल्हा व तालुका अशा तीन पातळ्यांवरील क्रीडासंकुलांची कल्पना आहे. तथापि तालुक्याच्या गावी सपाट, राखलेले आणि कुंपण असलेले मैदान बहुधा शाळा-महाविद्यालयाचेच असते. मूल्यांकनाच्या अहवालात या मैदानाचे क्षेत्रफळ, त्यावरील खेळांच्या सोयी व स्पर्धांतील पदके यांची नोंद केली जाते. मैदान सायंकाळी कोणासाठी उघडे असते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. साहित्याची मोडतोड होईल, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, मुलींच्या सुरक्षिततेचे काय, मैदान एकदा खुले केले की ताबा जाईल, अशा शंका प्रशासनाच्या मनात असतात आणि त्या सर्वस्वी खोट्या नसतात. 'झुंड'मधील महाविद्यालयापुढेही याच प्रकारच्या शंका आहेत. चित्रपट त्या शंकांची थट्टा करत नाही. त्यांच्यासाठी दार कायमचे बंद ठेवावे काय, एवढेच तो विचारतो.

या ठिकाणी चित्रपटातील एक बारकावा उपयोगी पडतो. बोराडे भिंत पाडण्याची मागणी करत नाहीत. ते एक सामना ठरवतात. म्हणजे वेळ, नियम, पंच आणि प्रतिस्पर्धी यांसह दार उघडण्याची रीत ते शोधतात. भिंत ठेवून दाराचा वापर बदलणे ही शिक्षकाच्या आवाक्यातील गोष्ट आहे. बारसे यांचेही मूळ कार्य एका महाविद्यालयीन शिक्षकाने नोकरीच्या चौकटीत राहून सुरू केलेले होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. महाविद्यालयाच्या समाजाभिमुख कार्याचा विचार करताना रक्तदान, वृक्षारोपण व ग्रामस्वच्छता यांच्या जोडीला मैदानाचा आठवड्यातील काही तासांचा खुला वापर हा विषय सहज येऊ शकतो.

समारोप

स्टेडियमच्या इतिहासात भव्यतेला नेहमीच मान मिळाला. माराकाना असो वा डी. वाय. पाटील, त्यांची महती आसनसंख्येने मोजली जाते. 'झुंड'ने या मोजमापाला पर्याय दिला. चित्रपटातील सर्वांत मोठे स्टेडियम पडद्यावर येत नाही आणि सर्वांत महत्त्वाची जागा ही महाविद्यालय व वस्ती यांच्यामधली काही इंच जाडीची भिंत आहे. 'ऑफसाइड'प्रमाणे हा चित्रपट प्रेक्षकाला बाहेर उभे करतो आणि 'मैदान'प्रमाणे विजयाच्या गजरात विसावा देत नाही. महानायकाची छाया, भाषणबाजी आणि स्त्री-खेळाडूंना मिळालेली अपुरी जागा या त्याच्या उणिवा खऱ्या आहेत, पण त्यांनी या मध्यवर्ती प्रतिमेचे बळ कमी होत नाही.

'झुंड'ची समीक्षा महाविद्यालयीन अध्यापकाने करावयाची झाल्यास तिला एक विशेष संदर्भ प्राप्त होतो. चित्रपटातील भिंत ज्या संस्थेची आहे, त्या प्रकारच्या संस्थेतच तो समीक्षक काम करत असतो. त्यामुळे पडद्यावरील भिंतीविषयीचा त्याचा अभिप्राय सायंकाळी पाच वाजता आपल्या मैदानाच्या फाटकाला लागणाऱ्या कुलपापाशी येऊन थांबतो. ते कुलूप कोणापासून मैदानाचे रक्षण करते आणि कोणाला खेळापासून वंचित ठेवते, याची नोंद कोणत्याही अहवालात नसली तरी भिंतीपलीकडे डबा लाथाडणाऱ्या मुलांना ती तोंडपाठ असते.